निम्फ ओळखायची असेल तर आधी पाणी शोधा

रोमच्या बोर्गेझे गॅलरीत माणसं सोडतात ती दोन-दोन तासांच्या बोलीवर. वेळ आधीच राखून ठेवायची, पर्स-पिशव्या खाली जमा करायच्या आणि दोन तास भरले की निमूट बाहेर पडायचं. मी एकोणीस वर्षं मराठी मंडळींचे ग्रुप युरोपला घेऊन जाते. त्यातली पहिली चार-पाच वर्षं मी त्या दोन तासांत दरवेळी एकच चूक करत होते. शिल्पकार बर्निनीच्या दाफ्नीसमोर उभी राहून सांगायचे, "ही दाफ्नी. ग्रीकांची अप्सरा."

एकदा नाशिकच्या एका काकूंनी मला तिथेच अडवलं. "अप्सरा? मग हिला पाठवलं कोणी? इंद्र कुठाय? आणि ही पळतेय का? अप्सरा कधी पळते का बाई, ती समोरच्याला नादी लावते." अडतीस माणसं खळखळून हसली. मीही हसले, पण रात्री हॉटेलात डोळा लागेना. काकूंचं बरोबर होतं.

दाफ्नी ही निम्फ, म्हणजे ग्रीक कथांमधल्या झऱ्या-झाडांच्या बायकांपैकी एक. तेव्हापासून वाचत गेले, पाहत गेले आणि ग्रुपला निम्फ ओळखायला शिकवायची माझी एक पद्धत तयार झाली. युरोपला जाणाऱ्यांना ती उपयोगी पडेल, आणि घरबसल्या फोनवर चित्रं पाहणाऱ्यांनाही.

पहिलं काम म्हणजे "अप्सरा" हा शब्द डोक्यातून काढायचा. अप्सरेला कोणीतरी कामगिरीवर पाठवतं. निम्फला कोणी पाठवत नाही, ती आपल्या जागी असते. झरा असेल तर झऱ्याची, झाड असेल तर झाडाची. ग्रीक शब्दाचा साधा अर्थ नवरी किंवा लग्नाच्या वयाची मुलगी. "परी" म्हणाल तर पंख आणि जादूची कांडी आठवते, तेही नको.

मराठीत जवळचा शब्द हवा असेल तर तो आहे आसरा. माझं आजोळ वाईजवळ, कृष्णाकाठी. तिथे डोहाच्या कडेला झाडाखाली शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरा. आता आसरा हा शब्द अप्सरेवरूनच आलेला, पण या सातजणी इंद्राच्या दरबारात नाचायला कधी गेल्या नाहीत. त्या पाण्यातच राहतात. आजी बजावायची, "भर दुपारी डोहावर जाऊ नको, आसरा धरतात." ग्रीकांकडे असं धरलेल्या माणसाला चक्क शब्द होता, नुम्फोलेप्तोस. अथेन्सजवळ वारी नावाच्या ठिकाणी डोंगरात एक गुहा आहे. इसवी सनाच्या आधीच्या पाचव्या शतकात आर्खेदेमोस नावाच्या एका माणसाने ती निम्फांसाठी घडवली, आणि आत कोरून ठेवलं की मी निम्फांनी धरलेला, त्यांच्याच सांगण्यावरून हे केलं. हातात हत्यारं घेतलेली स्वतःची आकृतीही कोरली. म्हणजे आपल्याकडचा अंगात येणारा माणूस आणि गवंडी, दोन्ही एकात.

सॉक्रेटिसचीही तीच कथा. प्लेटोच्या "फीड्रस" या संवादात तो अथेन्सबाहेर इलिसोस नदीत पाय बुडवून चालतो, मोठ्या झाडाखाली बसतो. जागा निम्फांची आहे हे तिथल्या बाहुल्या-मूर्तींवरून त्याच्या लक्षात येतं. मग सोबतच्या फीड्रसला म्हणतो, बोलता बोलता मला निम्फांनी धरलं तर नवल वाटून घेऊ नकोस. ती नदी आता बरीचशी अथेन्सच्या रस्त्यांखाली गाडली गेलीय. आमची बस तिच्या डोक्यावरून जात असेल, कोण जाणे.

तर नियम असा: चित्रासमोर उभं राहिलं की बाईकडे नंतर बघा. आधी पाणी शोधा. पाणी नसेल तर झाड, झाड नसेल तर कडा किंवा गुहा. त्यावरून तिची जात कळते. गोड्या पाण्याच्या, म्हणजे झरे-नद्या-विहिरींच्या, त्या नायड. झाडांच्या त्या ड्रायड. ग्रीकमध्ये द्रुस म्हणजे ओक. डोंगरातल्या त्या ओरेअड. समुद्रातल्या नेरेइड, समुद्रदेव नेरेअस आणि डोरिसच्या पन्नास मुली. अकिलिसची आई थेटिस ही त्यांतलीच. आणि ओशनस या जलदेवाच्या मुली ओशनिड, प्राचीन ग्रीक कवी हेसिअड त्यांचा आकडा तीन हजार सांगतो. एवढी नावं पुरे. परीक्षा द्यायची नाहीये.

सरावाला सोपी जागा म्हणजे रोमच्या तेर्मिनी स्टेशनजवळचा पियाझा देल्ला रेपुब्लिका. तिथल्या कारंज्यात मारिओ रुतेल्लीने घडवलेल्या ब्राँझच्या चार नायड पहुडलेल्या आहेत. १९०१ मध्ये त्या उघड्यावर आल्या तेव्हा त्यांच्या नागडेपणावरून शहरात केवढा गहजब झाला होता. ग्रुपला मी तिथे दहा मिनिटं सोडते आणि सांगते, चेहरे बघू नका, चौघींचे सारखेच आहेत. सोबत कोणता प्राणी आहे ते बघा. हंस असलेली तळ्याची. घोड्यावरची समुद्राची, नायड म्हणवली तरी. नदीच्या अजस्र जलचरावर रेललेली ती नदीची. आणि ड्रॅगनला टेकलेली जमिनीखालच्या पाण्याची. शेवटची ओळखणाऱ्याला जिलातो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, माझ्याकडून. आजवर हा जिलातो बहुतेक वेळा शाळकरी मुलांनीच खाल्लाय.

देवी आणि निम्फ यांत घोटाळा होतोच. डोक्यावर चंद्रकोर आणि हातात धनुष्य असेल तर ती शिकारीची देवी डायना, तिच्याभोवतीच्या बाकीच्या निम्फ. शिंपल्यावर उभी बाई दिसली की सगळे एका सुरात "व्हीनस!" म्हणतात, आणि फ्लोरेन्सच्या उफित्सी गॅलरीतल्या बोत्तिचेल्लीच्या चित्रापुरतं ते खरंही आहे. पण रोमला त्रास्तेवेरे भागात व्हिला फार्नेसिना आहे, आगोस्तिनो किजी या गडगंज सावकाराचा बंगला. तिथे भिंतीवर राफाएलने १५१२च्या सुमारास रंगवलेली बाईही शिंपल्यावरच उभी आहे. ती गॅलेटिआ, नेरेइड. फरक कसा करायचा? व्हीनसचा शिंपला वाऱ्याने किनाऱ्याकडे येतो, ही स्वतः लगाम धरून डॉल्फिन हाकतेय. नीट पाहा, एका डॉल्फिनने तोंडात ऑक्टोपस पकडून चावलाय. आणि तिच्यावर जीव टाकणारा एकडोळ्या पॉलिफेमस शेजारच्याच चौकटीत बसलाय, तो मात्र सेबास्तिआनो देल पिओम्बोने रंगवलेला. तो तिच्याकडे बघतोय, ती निघालीय. आणखी एक, नेरेइडला बहुधा पायच असतात. माशाची शेपटी ट्रायटनला, म्हणजे समुद्रातल्या पुरुषांना. कमरेखाली मासा असलेली बाई दिसली की निम्फ म्हणून वहीत लिहू नका.

आता दाफ्नीकडे येऊ, कारण दोन तासांतली वीस मिनिटं मी तिच्यासाठीच राखून ठेवते. अपोलो देव तिच्या मागे लागलाय आणि ती पळतेय, तो क्षण.

बर्निनी १६२२ मध्ये या दगडाला भिडला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. १६२५ मध्ये काम पुरं झालं. आज शिल्प खोलीच्या मधोमध आहे आणि लोक थेट समोर जाऊन फोन काढतात. तसं करू नका. मुळात ते अशा बेताने ठेवलेलं होतं की आत येणाऱ्याला आधी अपोलोची पाठ दिसावी. म्हणून त्याच्या मागून सुरुवात करा. उडणारं वस्त्र, धावणारा पुरुष, एवढंच दिसतं. मग हळूहळू उजव्या अंगाने पुढे सरका. तिचे केस येतात, केसांत पानं येतात. आणखी दोन पावलं टाकलीत की बोटांच्या टोकांना पालवी दिसते. पायाची बोटं मातीत मुळं सोडतायत. अपोलोचा डावा हात अखेर तिच्या कमरेला पोचलाय, पण खाली वाकून बघा, हाताखाली कातडी नाही, साल आहे. त्याने पकडलं ते झाड.

इथे रोमन कवी ओव्हिड माहीत असेल तर अंगावर काटा येतो. त्याच्या "मेटामॉर्फोसिस"च्या पहिल्या पर्वात अपोलो खोडावर हात ठेवतो तेव्हा सालीखाली काळीज अजून धडधडत असतं. मग तो जाहीर करतो, बायको नाही झालीस तर माझं झाड हो. ते झाड लॉरेलचं, आणि लॉरेलचा मुकुट तेव्हापासून विजेत्यांच्या डोक्यावर आला. यावर झाडाचा शेंडा हलला, मान डोलावल्यासारखा वाटला, असं ओव्हिड लिहितो. "वाटला" हा शब्द महत्त्वाचा. वारा होता की होकार होता, हे तो सांगत नाही. अपोलोला होकार वाटला. पुरुषांना वाटतोच, असं माझ्या ग्रुपमधली एखादी काकू हमखास पुटपुटते.

जाता जाता स्वयंपाकघरातली गोष्ट. लॉरेल म्हणजे आपलं तमालपत्र, असं बरेच गाइड ठोकून देतात. ते चूक. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या पानावर देठापासून टोकापर्यंत तीन उभ्या शिरा असतात, ते दालचिनीच्या जातभाईचं पान. दाफ्नीच्या पानाला मधोमध एकच शीर आणि तिला आडवे फाटे. परत आल्यावर डबा उघडून खात्री करा.

चित्रं डोळ्यांनी कळतात, पण काही निम्फ कानांनीच ओळखाव्या लागतात. एको त्यांतली पहिली. देवांची राणी ज्युनो हिने तिची वाचा अशी बांधली की समोरच्याचे शेवटचे शब्दच काय ते तिला बोलता यावेत. ओव्हिडच्या तिसऱ्या पर्वात तिचं मन ज्याच्यावर जडलंय तो नार्सिसस हाक मारतो, "कोणी आहे का इथे?" उत्तर येतं, "इथे." पुढे ती मिठी मारायला धावते तेव्हा तो झिडकारतो: तुला माझ्यावर हक्क देण्यापेक्षा मी मरेन. लॅटिनमध्ये या वाक्याचा शेवटचा तुकडा तेवढा उचलला की अर्थ उलटतो, "तुला माझ्यावर हक्क असो." तीच तिची कबुली.

हे मराठीत सांगायला गेले आणि फसले. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. "मी तुझा होणार नाही" म्हटलं की एको बिचारी "नाही, नाही" म्हणत राहणार. प्रेमकथा तिथेच संपली! बसमध्ये दोन दिवस डोकं खाजवून मी हे जुळवलं: तो म्हणतो, "मेलो तरी म्हणणार नाही, घे मला!" आणि झाडीतून उत्तर येतं, "घे मला!" निम्फांचं कोणतंही काव्य वाचताना ही युक्ती लक्षात ठेवा. तिला स्वतःचं वाक्य दिलेलं असतं का, ते बघा. बहुतेकदा नसतं.

सिरिंक्सला तर आवाजही मेल्यावरच मिळाला. पान नावाचा रानदेव मागे लागला, ती नदीकाठच्या बोरूत बदलली, त्याने लहानमोठे बोरू कापून मेणाने जोडले आणि बासरी केली. डॉक्टरांच्या हातातली सिरिंज हाही त्याच शब्दाचा नातू, पोकळ नळी. द्बुसीची १९१३ मधली "सिरिंक्स" नावाची एकट्या बासरीची रचना जेमतेम तीन मिनिटांची आहे. ती मी बसमध्ये लावते. गेल्या खेपेला मागच्या सीटवरून एक काका म्हणाले, "तबला कधी येणार?" तबला येत नाही. ती एकटीच आहे, मुद्दा तोच आहे. आणि संगीत नाटकावर पोसलेल्या मंडळींसाठी आणखी एक: फ्लोरेन्समध्ये १५९८ मध्ये झालेला याकोपो पेरीचा "दाफ्ने" हा पहिला ऑपेरा मानतात. म्हणजे या सगळ्या प्रकाराची सुरुवातच एका पळणाऱ्या निम्फपासून झाली. त्याचं संगीत बहुतेक हरवलं.

सगळ्याजणी झाड किंवा बोरू होत नाहीत. अरेथुसा पाणी झाली आणि समुद्राखालून निसटली. ग्रीसमधली अल्फिअस नदी म्हणजे तिचा पाठलाग करणारा पुरुष. ती सिसिलीत सिराकूझला ऑर्टिजिआ बेटावर वर आली. तिथे मी ग्रुप नसताना, स्वतःच्या पैशाने गेले. झरा अगदी समुद्राला खेटून आहे. कठड्याच्या एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गोल कुंडात गोडं पाणी, त्यात पपायरसचे झुबके आणि बदकं. प्राचीन लोक सांगत की ऑलिम्पियाजवळ अल्फिअसमध्ये टाकलेला पेला इथे वर येतो. भूगोलकार स्ट्रॅबोने ही गोष्ट नोंदवली आणि खोडूनही काढली, भला माणूस. पण सिराकूझची जुनी चांदीची नाणी पाहा, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मधे अरेथुसाचं मस्तक, भोवती फिरणारे डॉल्फिन. खाऱ्या पाण्याने वेढलेलं गोडं पाणी, अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत. नकाशाच आहे तो.

निम्फ अमर असतात का, हा प्रश्न बसमध्ये येतोच. सगळ्या नाही. हेसिअडच्या नावावरचा एक हिशोब ग्रीक लेखक प्लूटार्कने दिलाय: कावळा माणसाच्या नऊ पिढ्या जगतो, हरीण कावळ्याच्या चौपट, डोमकावळा हरणाच्या तिप्पट, फिनिक्स त्याच्या नऊपट आणि निम्फ फिनिक्सच्या दहापट. गुणाकार केलात तर ९,७२० पिढ्या. डोमकावळ्याशी १०८ येतात, त्यावर आमच्याकडे हमखास हात जोडले जातात. पण झाडाची निम्फ झाडाबरोबर जाते. ओव्हिडच्या आठव्या पर्वात एरिसिक्थॉन देवीच्या राईतला ओक तोडतो, घावातून रक्त येतं आणि आतली निम्फ मरताना शाप देते. शिक्षा म्हणून त्याला अशी भूक लागते की घरदार खाऊन, पोटच्या मुलीला विकून शेवटी तो स्वतःचे लचके तोडतो. देवराईतलं झाड तोडू नये, हे ज्यांना आजोळी कळलंय त्यांना यावर टीप लागत नाही.

वाचायला सुरुवात करायची तर ओव्हिडपासूनच करा. पहिलं, तिसरं, पाचवं आणि आठवं पर्व, बाकी नंतर. मग "ओडिसी"चं पाचवं पर्व, जिथे कॅलिप्सोने ओडिसियसला सात वर्षं बेटावर ठेवून घेतलंय आणि सोडायची वेळ आल्यावर ती देवांना सुनावते: तुम्ही केलं तर चालतं, आम्ही केलं की डोळ्यांवर येतं. या सगळ्या गर्दीत स्वतःचं वाक्य असलेल्या मोजक्यांतली ती एक. नंतर हवं तर एलियटची १९२२ मधली "द वेस्ट लँड" ही कविता काढा. इंग्रज कवी स्पेन्सरने १५९६ मध्ये टेम्सकाठी फुलं वेचणाऱ्या निम्फ दाखवल्या होत्या. एलियट त्याच नदीकाठी रिकाम्या बाटल्या आणि सिगारेटच्या थोटकांचा विषय काढतो आणि सांगतो, निम्फ निघून गेल्या.

गोव्याच्या मंडळींना मी कामोईंश सांगते. हा पोर्तुगीज कवी १५५३ मध्ये गोव्यात आला. त्याचा ब्राँझचा पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. १५७२ मध्ये छापलेल्या "लुशियाद" या महाकाव्यात वास्को द गामाची जहाजं मोम्बासाच्या सापळ्यात शिरणार, तेवढ्यात नेरेइड छातीने जहाजाचं पुढचं टोक मागे ढकलतात. हा प्रसंग झकास आहे. पण पुढे नवव्या सर्गात दमल्याभागल्या खलाशांना बक्षीस म्हणून निम्फांनी भरलेलं बेट मिळतं, तिथे माझा उत्साह मावळतो. झऱ्याची मालकीण होती, तिची बक्षिसी झाली.

चित्रकारांनीही तेच केलं. नागडी बाई रंगवली तर बोंब होते, खाली "निम्फ" लिहिलं की ती अभिजात कला. बुग्रोचं १८७३ मधलं "निम्फ आणि सॅटर" (सॅटर म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रानदेव) न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या बारमध्ये टांगलेलं होतं, यातच आलं. अशा चित्रात पाणी-झाड हुडकून पाहा. ते नुसतं पडद्यासारखं मागे असेल, काढून टाकलं तरी काही बिघडत नसेल, तर समजा की निम्फ नावापुरती आहे. वॉटरहाऊसचं मँचेस्टरमधलं "हायलस आणि निम्फ" (१८९६) २०१८ मध्ये आठवडाभर भिंतीवरून उतरवलं होतं, चर्चा व्हावी म्हणून. ती झालीही, आणि चित्र परत लागलं. मला मात्र ते नावापुरतं वाटत नाही. सातजणी कमळांत कमरेपर्यंत बुडालेल्या, एकीने काठावरच्या पोराचा हात धरलाय, आणि पाणी इतकं काळं की तळ नाही. सात आकडा पाहून मला आजीचा डोहच आठवला.

शेवटची शाळा फ्लोरेन्सला, उफित्सीत, बोत्तिचेल्लीच्या "प्रिमावेरा"समोर. हे चित्र उजवीकडून वाचा. उजव्या टोकाला निळसर अंगाचा झेफिर, पश्चिमेचा वारा, एका मुलीला धरतोय. ती क्लोरिस, निम्फ. घाबरून मागे बघतेय आणि तिच्या तोंडातून फुलं गळतायत. ती फुलं पडतात तिथेच, तिला खेटून, फुलाफुलांच्या झग्यातली दुसरी बाई चाललीय. ती फ्लोरा. दोघी वेगळ्या नाहीत, एकीचं आधी आणि नंतर आहे. ओव्हिडच्या "फास्ति"मध्ये फ्लोरा स्वतःच सांगते की मी पूर्वी क्लोरिस होते, आणि बोलताना तिच्या ओठांतून गुलाब पडतात.

आणि हीच फ्लोरा १८६४ पासून मुंबईत फोर्टात उभी आहे, पोर्टलंडच्या दगडातली. आराखडा नॉर्मन शॉचा, घडवली जेम्स फोर्साइथने. शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार, म्हणून आपण चौकाला हुतात्मा चौक म्हणतो आणि वर मान करायची राहून जाते. मी प्रत्येक ग्रुपला परतीच्या विमानात हे सांगते. फार कोणी जात नाही. नाशिकच्या त्याच काकू मात्र पुढच्या महिन्यात लेकीकडे आल्या तेव्हा गेल्या आणि तिथूनच फोन केला. "अगं, हीच का ती, वाऱ्याने पळवलेली?"

मी विचारलं, "हीच. पाणी आहे का?"

"आहे. खालच्या कुंडात एक कावळा आंघोळ करतोय."